असे उत्तर येथे कधीच नव्हते

इरा, नील — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि ते तर आत्ता टेबलाच्या पलीकडे पेपर वाचत बसलेत.

कानाच्या मशीनवाल्यांच्या ऑनलाइन मंचाची देखरेख मी करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. जन्म कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करण्यात गेलेला — मला मंचावरचा पसारा बघवेना. एकच प्रश्न वीस ठिकाणी, आणि खरं उत्तर कुठेतरी खाली गाडलेलं. मग मी नियम घातला: एका प्रश्नाला एकच उत्तर, त्यावर हिरवी खूण, बाकीचं पुनरावृत्ती म्हणून काढायचं. लोकांना उत्तर चटकन सापडावं, एवढाच हेतू. एवढाच होता ना?

माझं ते गाजलेलं उत्तरही तुम्हाला ठाऊक आहे — उन्हाळ्यात भर दुपारी मशीन एकदम मुकं का होतं. इरा, तू ते मैत्रिणींना दाखवलंस. आमच्या आजीने शोधलं, म्हणालीस.

मी शोधलं नाही.

उमरेडची एक सुमन तिथे लिहायची. वडील विणकर, मागाच्या खटखटीत कान गेलेले; त्यांच्या मशीनची सगळी उस्तवार तिच्याकडे. कुणीही काही विचारलं की पाच मिनिटांत हिचं उत्तर हजर. मला संशय आला. एवढं सगळं हिला कसं येतं? आणि फुकट कोण सांगतं? एखाद्या दुकानाचीच बाई असणार — आज सल्ला, उद्या माल. मी तिचं जुनं लिखाण उपसून काढलं. दुकानाचं नाव नाही, फोन नंबर नाही. तर वाटलं — बघा, किती सावध आहे!

खरं सांगू? ती ‘मले’, ‘तुले’ लिहायची. तेच तिने पुस्तकी मराठीत लिहिलं असतं, तर मी संशय घेतला असता का? माझी स्वतःची आई घरात तसंच बोलायची.

तिने लिहिलं होतं, “बाबा कूलरसमोर बसून राहिले असतील तर मशीनच्या नळीत पाणी धरते. मशीन बिघडली नाही. नळी काढा, फुंका, वाळू द्या. अन् कूलरचं तोंड फिरवा.” मी ते झाकून ठेवलं, ‘तपासणी बाकी’ म्हणून. मग आजोबांच्या मशीनवर करून पाहिलं. नळीत खरंच थेंब होता. थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, “अवं, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. बहिरा मी आहे का तू?”

त्याच संध्याकाळी मी ते नीट परिच्छेद पाडून माझ्या नावाने लिहिलं. हिरवी खूण केली. आणि तिचं — जे आधीचं होतं — पुनरावृत्ती म्हणून काढून टाकलं.

तिने मला निरोप पाठवला, “मॅडम, माझं उत्तर काहून काढलं? मी काही विकून नाही राहिली.” मी तिचं खातं बंद केलं. खात्याबरोबर तिचं सगळं लिखाण जाणार, हे मला माहीत होतं.

काही महिन्यांनी कोराडीच्या एका आईने विचारलं. तिची चार वर्षांची मुलगी मशीन कानात ठेवतच नव्हती, उपटून फेकायची. शाळा तोंडावर आलेली. यावर इथे कुणीतरी फार चांगला उपाय लिहिला होता, पण आता सापडत नाही, कुठे आहे? तो सुमनचा होता. मला अर्धवट आठवत होता — नाडीची टोपी, आणि आधी फक्त गाण्यापुरतं घालायचं... पुढचं काय? विचारायचं तर सुमनलाच विचारावं लागलं असतं. मी लिहिलं: ‘असे उत्तर येथे कधीच नव्हते.’

“बरं मॅडम,” तिने लिहिलं. “माझाच घोळ झाला असंन.”

ती मुलगी आता मशीन घालते का — मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

बंद खात्यांच्या यादीत सुमनचा ईमेल अजून आहे. उत्तरावरचं नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. हे लिहायला बसण्याआधी ते बदलायचं, असं मी ठरवलं होतं. बदललेलं नाही. आत्ताच उघडून पाहिलं. हिरव्या खुणेशेजारी माझं नाव आहे, आणि खाली आज सकाळी कुणीतरी लिहिलंय — धन्यवाद, आजी.