ल्युबिंकाचं यंत्र आणि चमचाभर गहू

ल्युबिंका आमच्या लॅबमध्ये बावीस वर्षं लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं यंत्र चालवतेय. सेरोटोनिन शरीरात मोडल्यावर जे उरतं, ते हे यंत्र रक्तातून वेगळं काढतं आणि पडद्यावर त्याचा सुळका उमटवतं. सुळका फार उंच गेला, तर आतड्यात गाठ असू शकते. पण नुसता आकडा डॉक्टरांकडे ढकलून मोकळं होणं ल्युबिंकाच्या रक्तात नाही. आकडा खटकला की आधी यंत्राला शिव्या, मग मला.

डिसेंबरात झागोर्का मावशीचं रक्त मीच घेतलं. पोस्टातून निवृत्त झालेली ही बाई. दोन वर्षांपूर्वी तिची अशीच गाठ काढलेली. या वेळी सुळका गेल्या वर्षीच्या दुप्पट आला. ल्युबिंकाने नमुना पुन्हा चालवला. पुन्हा तेच.

"काय खाऊन आली होती?"

"काही नाही. उपाशी होती, मी विचारलं ना!"

"अगं शहाणे, काल संत निकोलाचा सण होता!"

त्या दिवशी आमचं अर्धं गाव यजमान असतं आणि अर्धं पाहुणं. मी कपाळाला हात लावला. तिने लगेच फोन फिरवला.

"मावशी, काल किती घरं झाली?"

"सहा."

"आणि गहू?"

"दारात पुढे केलेला चमचा नाही म्हणू? पण खाल्लं काही नाही हो. तो तर प्रसाद!"

सणाला दारातच प्रत्येक पाहुण्याला चमचाभर देतात तो हा प्रसाद: उकडलेला गहू, साखर आणि भरपूर अक्रोडाचा कूट. अक्रोडाने हा आकडा फुगू शकतो. तपासणीआधी तीन दिवस अक्रोड बंद, असं आमच्या सूचनांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं. मी घाईत फक्त उपाशीपोटाचं विचारलं होतं. फोनवरच मी मावशीची माफी मागितली.

ल्युबिंकाने अहवाल अडवून धरला. चार दिवसांनी मावशी पुन्हा रक्त देऊन गेली. तोवर मी देवाकडे एकच मागत होते, चूक माझीच निघू दे.

सुळका जरासा उतरला, पण उंचच राहिला. या वेळी ल्युबिंकाने कुणालाच शिवी दिली नाही. मावशीला बोलावून, शेजारी बसून तिने सांगितलं, "अक्रोडाचं नव्हतं, मावशी. आजच डॉक्टरांना भेटा. मी येते बरोबर."

मावशीने कोटाची बटणं लावली. मग माझ्याकडे वळली.

"म्हणजे तुझी चूक नव्हती, पोरी. बरं झालं. उगाच जिवाला लावून घेतलं असतंस."