आधी ओ द्यायची, मग नवं नाव सांगायचं

सुदामने मला पहिला फोन केला तो शिव्या घालायला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. त्या शिव्यांबद्दल आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे लिहितोय.

प्रोग्रामर नसलेल्या मित्रांसाठी थोडक्यात: मी एक ओपन सोर्स टूल बनवलंय. लॅपटॉपवरचा कोड एका कमांडमध्ये सर्व्हरवर धाडतं, म्हणून नाव ‘धाड’. फुकट आहे, कुणीही वापरावं.

तिसरं व्हर्जन काढताना मला जुन्या कमांड्सची नावं गबाळी वाटली. सगळी बदलली.

शुक्रवारी दुपारी रिलीज केलं आणि अंबडला चुलतभावाच्या लग्नाला निघून गेलो. शहाणपणा नुसता उतू चालला होता.

मांडवातच फोन वाजला. पिंपळगाव रेणुकाईहून कुणी सुदाम. आसपासच्या शाळा-क्लासेसच्या वेबसाइट एकट्याने सांभाळणारा माणूस. ओळख ना पाळख.

“साहेब, नाव धाड ठेवलं म्हणून आमच्यावरच धाड टाकायची का? एका क्लासचा निकाल लावायचाय. पोरं, मायबाप समदे वाट पाहून राह्यलेत, अन् तुमचं टूल म्हणतंय अशी कमांडच न्हाई!”

मी पहिल्यापासून उर्मट. म्हणालो, “टूलसोबतच्या रीडमी फाईलमध्ये लिहिलंय सगळं, वाचा ना. फुकटचं टूल आहे.”

“पाणपोई बी फुकटच असती. म्हणून न सांगता हलवायची का?”

मांडवाबाहेर येऊन त्याला जुनं व्हर्जन परत कसं टाकायचं ते सांगितलं. निकाल लागला.

मला वाटलं, विषय संपला.

दोन दिवसांनी त्यानेच कोड लिहून पाठवला. जुन्या नावाने कमांड दिली तरी काम होणार, आणि खाली एक ओळ येणार: हे नाव बदललंय, चौथ्या व्हर्जनमध्ये बंद होईल, आतापासून नवं वापरा.

फाईलचं नाव होतं ‘आत्या’.

“हे काय?”

“माझी आत्या. माहेरची कमल, सासरी सुनंदा केली. आजबी गावात कुणी कमल म्हणून हाक मारली की ओ देती. अन् वरून म्हणती, ‘आता सुनंदा म्हणा रे.’ आपुन बी तसंच करायचं. आधी ओ द्यायची, मंग नवं नाव सांगायचं.”

पुढे ‘धाड’ वापरणाऱ्या ब्राझीलच्या एका पोरीने विचारलं, ‘आत्या’ म्हणजे काय? सुदामने अगदी गंभीरपणे उत्तर दिलं: वडिलांची बहीण. दोन्ही नावांना ओ देते.

तेव्हापासून ‘धाड’ आमच्या दोघांचं झालं. मी काहीही बदलायला निघालो की त्याचा एकच प्रश्न, “कुणाचं बंद पडंल?”

मी म्हणायचो, कुणाचंच नाही. तो दोघं-तिघं शोधून काढायचा आणि त्यांना स्वतः लिहून कळवायचा. मला राग यायचा. आणि दर वेळी तोच बरोबर निघायचा.

मग तो आजारी पडला.

संभाजीनगरला दवाखान्यात भेटायला गेलो, तर हा पडल्या पडल्या चौथ्या व्हर्जनचं विचारतोय. मी म्हणालो, “तुझी फाईल राहू देऊ. कुणाला त्रास आहे तिचा?”

“न्हाई. आपुन लोकांला लिहून देलंय, चौथ्यात जुनी नावं जातील. दोन सालापासून सांगून राह्यलो. आता माझ्यापायी शब्द फिरवू नको. उद्याच्याला आपली वार्निंग कोण खरी मानंल?”

मी हो म्हणालो.

तो गेला. आणि मी वर्षभर टाळत राहिलो. चौथं व्हर्जन तयार होतं, पण त्याची फाईल काढून टाकायला हात धजत नव्हता. शिवाय भीती होती. या वेळी कुणाचं बंद पडेल, हे शोधून सांगणारा माणूसच नव्हता.

शेवटी त्याच्यासारखंच केलं. लोक शोधले, एकेकाला लिहिलं, उत्तरं येईपर्यंत थांबलो.

या सोमवारी फाईल काढली. खोटं कशाला सांगू, रडलो.

रिलीज करून दिवसभर स्क्रीनसमोर बसून होतो. एकही तक्रार नाही. त्याची ती ओळ वाचून वाचून लोक कधीच नव्या नावांवर आले होते.

संध्याकाळी एकाने लिहिलं, “जुनी नावं गेली? मला तर कळलंच नाही.”

सुदाम, हे सगळं तुझं आहे.

तू झापलंस म्हणून मी माणसात आलो. थँक्यू, मित्रा. खूप खूप थँक्यू.

मनापासून श्रद्धांजली.