दाजींचा डबा

उस्मानपुऱ्यातल्या त्या बॅटरीच्या दुकानात एकच खुर्ची आहे आणि मालक तिच्यावरून सहसा उठत नाहीत. बॅटरी भरली की नाही, हे ते मीटर पाहून ठरवत नाहीत. तिला स्कूटरचा जुना हेडलाइट जोडतात आणि बघत बसतात.

परवा चितेगावहून त्यांचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, स्वतः बनवलेला डबा घेऊन आले. मेलेली बॅटरी त्याने क्षणात भरते, असा त्यांचा दावा होता. एका बॅटरीला तो जोडताच मीटरचा काटा खरंच झपकन वर गेला.

“लई भारी! मलाच द्या,” एक रिक्षावाला म्हणाला.

“थांब भाऊ,” म्हणत मालकांनी हेडलाइट जोडला. तो लखलखला, पिवळा पडला आणि विझला.

“मेव्हणाच इज्जत काढतो व्हय?” दाजी संतापले.

“तुमच्या शब्दाबाहेर मी नाय, दाजी. पण दिवा माझं ऐकत नाय.”

रिक्षावाल्याने आपली बॅटरी मुकाट्याने नेहमीच्या चार्जरला लावली.

मग मालक उठले. त्यांनी खुर्ची फडक्याने पुसली, दाजींना बसवलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडले. दाजी जाईपर्यंत मालक उभ्यानेच काम करत होते.