नानांचा डोळा पिकेना

आमच्या नानांना केळीशिवाय दुसरं मोजमाप माहीत नव्हतं. माणूस असो, लग्न असो की निवडणूक, त्यांच्या लेखी ते एक तर ‘भरलेलं’ असायचं, नाही तर ‘कोवळं’. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिल्यावर ते माझ्या वडिलांना म्हणाले होते, "घड चांगला आहे, पण अजून भरायचा बाकी आहे." नवरा ते अजून विसरलेला नाही. खरं सांगायचं तर नानांचा अंदाज बरोबर होता.

नाना माझे चुलते. यावलकडे त्यांची केळीची बाग. बांधावर उभं राहून एक नजर टाकली की ते सांगायचे, हा पट्टा परवा कापा, तो पुढच्या आठवड्यात. गावातले लोकही कापणीआधी त्यांना आपल्या बागेत घेऊन जायचे. केळी हिरवी असतानाच कापायची, ती पिकते पुढे व्यापाऱ्याकडे. झाडावर पिकली तर ढोरांना घालायची, हे त्यांनी आम्हा सगळ्या भावंडांना बाराखडीच्या आधी शिकवलं होतं.

असा हा माणूस एके वर्षी चिडचिडा झाला. बाग पिवळी पडतेय, असं त्यांच्या मनानं घेतलं. बागेचा सगळा कारभार तोवर त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ प्रमोद, बघू लागला होता. नाना रोज बांधावरून ओरडायचे, "खत देतो का नुस्तं पाणी सोडतो? पानं पाह्य कशी पिवयी पडली!" प्रमोद म्हणायचा, पानं हिरवीगार आहेत. नानांना वाटायचं, पोरगा तोंडावर खोटं बोलतो. मग त्यांनी दोन बाहेरच्या माणसांदेखत त्याला कामचोर म्हटलं, आणि प्रमोदनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोघांचा सगळा व्यवहार नानीमार्फत चालू झाला. एकाच ओसरीवर बसून नाना म्हणायचे, "त्याले म्हणा, मोटार बंद कर," आणि प्रमोद म्हणायचा, "त्यांना सांग, केव्हाच केली."

शेवटी प्रमोदनं मला फोन केला. जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात जागा होती, तिथं तो लागणार होता. "ताई, त्यांची बाग त्यांनीच पाहावी," म्हणाला. बागेवर जीव असलेला माणूस असं बोलला म्हणून मी दुसऱ्याच दिवशी गावी गेले. बघते तर नाना चहाच्या कपाशेजारी, हवेत साखर ढवळत होते.

मी त्यांना भुसावळला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, डावा जास्त. ऑपरेशन करून घ्या, सकाळी या आणि दुपारी घरी जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाना अंगठ्यानं पापणी दाबून बघत म्हणाले, "अजून पिकला नही. पिकला म्हंजे येतो." हल्ली पिकायची वाट बघत नाहीत, हे डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, पण नानांच्या वेळच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू पिकूनच निघाले होते. घरी आल्यावर नानी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "जन्मभर केयी कच्ची कापली. झाडावर पिकू दिली का कधी? मग या डोयालेच काहून झाडावर ठेवता?"

नाना जेवले. हात धुवून आल्यावर मला म्हणाले, "माय, तारीख घे."

तयारीची त्यांनी भलतीच मजा घेतली. साखर तपासली, रक्तदाब तपासला, आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ झाली. "आता कितीक दिवस डोक्यावर पाणी नही," म्हणून तीन बादल्या ओतून घेतल्या. ऑपरेशन जळगावला, माझ्या घराजवळ ठरवलं. तिथली सिस्टर धुळ्याकडची. तिनं डाव्या भुवईच्या वर शाईनं फुली मारली, चुकून दुसरा डोळा धरायला नको म्हणून. नानांना ते फार पटलं. कापायच्या घडाला तेही पानाची गाठ मारून ठेवायचे. ते म्हणाले, "खूण लागली. बोलवा कापणीवाल्यांले." सिस्टर हसून म्हणाली, "आबा, घाबरू नका, जराखं काम शे. बठ्ठं चांगलं व्हई जाई." अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं. आत जाताना त्यांनी डॉक्टरांना बजावलं, "ओरखडा पडू देऊ नका हो, माल नाजूक आहे." मी बाहेर बसून चहा मागवला, तो गार व्हायच्या आत नाना डोळ्यावर पट्टी लावून बाहेर.

ऑपरेशननंतरचे दिवस, मध्ये गावी एक फेरी झाली ती सोडली तर, ते माझ्याकडे राहिले. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, धूर नाही, धूळ नाही. वाकायचं नाही हे तर त्यांना इतकं आवडलं की पायातली चप्पलसुद्धा माझ्या नवऱ्यानं सरकवून द्यायची. डोळ्यात थेंब टाकणं मात्र कठीण. मी बाटली जवळ नेली की ते डोळा गच्च मिटायचे आणि तोंड उघडायचे. "नाना, वरचं उघडा," असं मला दर वेळी सांगावं लागायचं.

पट्टी निघाली ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. घरी आल्यावर त्यांनी काळा चष्मा वर करून अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं. "हा नवा आणला?" मी म्हटलं, तुमचाच आहे, जुना. "इतका पांढरा?" मग त्यांनी ऑपरेशनचा डोळा झाकला आणि दुसऱ्यानं पाहिलं. परत हात बदलला. असं चार-पाचदा केलं. मग खिडकीत जाऊन शेजारच्यांच्या पेरूच्या झाडाकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले, आधी या डोळ्यानं, मग त्या. मला हसू आलं होतं, पण ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा बघून माझं हसू जागीच थांबलं.

"बाग पिवयी नव्हती, माय," ते म्हणाले. "माह्या डोयाच पिवया व्हता."

दुपारी ते जेवले नाहीत. गावी चल म्हणाले. धुळीत जायचं नाही, असं मी, माझ्या नवऱ्यानं, फोनवरून नानीनं सांगून पाहिलं. ऐकतील तर नाना कसले! गाडीच्या काचा बंद करून आम्ही निघालो. प्रमोद दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात जाणार होता, हे त्यांना ठाऊक होतं.

तो बागेतच होता. ठिबकच्या नळ्या तपासत होता, आम्हाला बघूनही उठला नाही. नाना बांधावर उभे राहिले आणि त्यांनी काळा चष्मा काढला. समोर सगळी बाग हिरवीगार उभी होती, घड भरत आलेले. चुकलं, हा शब्द नानांनी आयुष्यात कुणासमोर उच्चारला नव्हता. आताही त्यांना तो जमेना. दोनदा घसा खाकरला. नानीही नव्हती मध्ये निरोप द्यायला.

मग त्यांनी विचारलं, "प्रमोद, कधी कापाची?"

सगळं गाव हे नानांना विचारायचं. नानांनी ते कुणाला विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. प्रमोद हातातली नळी तशीच धरून बघत राहिला. मग उठला, एका घडाखाली जाऊन केळीची कड बोटानं चाचपली.

"आठ दिवस थांबू."

"थांबू मंग," नाना म्हणाले.

प्रमोद जवळ आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो थेट त्यांच्याशी बोलला. "नाना, चष्मा लावा आधी. धूळ आहे." मी केळीच्या झाडामागे जाऊन रडून घेतलं.

प्रमोदचं कारखान्यात जाणं राहिलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही राहिलं. नानांनी ते करूच दिलं नाही. "एक पिवया ठेवू दे," म्हणायचे. कुणावर संतापले की बोलता बोलता थांबायचे, एक डोळा झाकायचे, मग दुसरा, आणि बऱ्याचदा तंबाखू मळत दुसरंच काही बोलायला लागायचे. अनोळखी माणसाला वाटायचं, म्हातारा डोळे मिचकावतोय. त्यावरून एकदा लग्नात भांडण व्हायचं राहिलं.

गेल्या वर्षी नाना गेले. परवा प्रमोदचा फोन आला, पार तापलेला. नवा सालदार गडी कामाचा नाही, बाग सुकवून टाकेल, उद्याच काढून टाकतो. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणत्या डोळ्यानं पाहिलंस?"

मग अगदी नानांच्या आवाजात तो म्हणाला, "थांब ताई, दुसरा झाकून पाह्यतो."

आम्ही दोघं हसलो, आणि मग कितीतरी वेळ कुणालाच फोन ठेवता येईना.