पेढा ठेव बाजूले, कागद दाखव

“पेढा ठेव बाजूले. पहिले कागद दाखव.”

आमच्या ऑफिसातल्या बाई असं म्हणायच्या आणि पोराचा पेढ्याचा डबा धरलेला हात तसाच राहायचा. पोराचा नंबर कुठल्या तरी विद्यापीठात लागलेला असायचा, मागे बाप धुतलेला शर्ट घालून उभा असायचा. बाईंना त्याचं काही नव्हतं. “नंबर लागला म्हनजे अ‍ॅडमिशन झाली नाई बापा,” म्हणत त्या एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहायच्या. शिक्का, सही, तारीख. सगळं नीट असलं तरच डब्याला हात लावायच्या.

नागभीडच्या ज्या ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो, तिथे त्या क्लार्क होत्या. आधी त्यांचे यजमान त्या खुर्चीवर होते. ते गेले, आणि त्यांच्या जागी बाई लागल्या. तुम्हीही असं एखादं टेबल पाहिलं असेल, जिथे प्रिन्सिपॉलच्या केबिनपेक्षा जास्त गर्दी असते. आमच्याकडे ते बाईंचं होतं.

खरं सांगतो, मी त्यांच्यावर जळायचो. दोन वर्षं घसा कोरडा करायचा मी, आणि पहिला पेढा त्यांना. माझ्यापर्यंत डबा यायचा तेव्हा त्यात चुरा उरलेला असायचा. “आपण न्यूटन शिकवतो, बाई झेरॉक्स शिकवतात,” असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो. सगळे हसायचे. मग तीच मंडळी स्वतःच्या मुलांचे कागद घेऊन गुपचूप बाईंकडे जायची, हेही मी पाहायचो.

ॲडमिशनच्या दिवसांत बाई व्हरांड्यात बाक टाकायच्या आणि पलीकडे विद्यापीठाचा बाबू होऊन बसायच्या. चेहरा कडू. “डोमिसाईल!” पोरगं पिशवी उचकायला लागलं की, “पुढचा!” गेलं ते रांगेच्या शेवटी. रांगेत चारच पोरं असली तरी शेवटी म्हणजे शेवटी. एखादी पोरगी रडायला लागायची. “इथी रडून घे. तिथी रडाले टाइम नाई भेटत,” बाई म्हणायच्या आणि तिला पाणी द्यायच्या. मग सूचना. तीन-तीन झेरॉक्स. फोटो आठ. पावती घेतल्याबिगर ओरिजनल कोनाले देजो नको. “आन रातच्याले झोपशीन कुठी, ते सांग पहिले.”

हे मी खिडकीतून ऐकायचो. ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं.

एका वर्षी मनीषा नावाची मुलगी होती. कुरखेड्यापलीकडच्या जंगलातल्या गावची, इथे वसतिगृहात राहायची. तिला मी सकाळी कॉलेजच्या आधी तासभर वेगळं शिकवायचो. ती माझी विद्यार्थिनी होती, माझीच, असं मी मनाशी घट्ट धरून होतो. तिचा नंबर कृषी विद्यापीठात लागला, आणि नेमक्या त्या दिवशी बाई आईचे डोळे दाखवायला वरोऱ्याला गेल्या होत्या.

“सर, बाई कुठी आहेत?” तिने विचारलं.

“बाई कशाला पाहिजे? मी आहे ना,” मी म्हणालो.

तिची टीसी आणि मार्कशीट मी हातात घेतली. घड्या पडलेल्या, एका कडेला ओल लागलेली. छपराचे कवेलू गळतात, पेटीचं लाकूड उधळीने पोखरलं होतं, म्हणाली. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. चौकातल्या दुकानात नेऊन मी दोन्ही कागद लॅमिनेट करून आणले. मशिनीतून निघालेला कागद गरम होता, चकचकीत. “आता तुझ्या नातवांनाही दाखवशील,” मी म्हणालो. ती हसली. त्या दिवशी मी घरी शीळ घालत गेलो.

विद्यापीठाच्या सूचनापत्रात आठव्या ओळीत लिहिलं होतं की लॅमिनेट केलेले कागद घेतले जाणार नाहीत. मागच्या बाजूला शिक्का मारावा लागतो आणि तो प्लास्टिकवर बसत नाही. ती ओळ मी वाचली नव्हती. बाईंनी ती पाठ केलेली होती.

मंगळवारी बाई आल्या. मी मस्टरवर सही करत होतो. मनीषाने कागद पुढे केले, बाईंनी ते खिडकीकडे धरले आणि प्लास्टिक चमकलं.

“हे कोनं केलं?”

मनीषा खाली बघत राहिली. मी पेन बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि काही बोललो नाही. आजही मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे. “जाऊ दे. मायेनं करतेत लोकं. माह्या मालकानंबी माह्या मार्कशीटचं असंच हौसेनं केलं होतं.”

गुरुवार शेवटची तारीख. टीसी दुसरी देता येत होती, प्रिन्सिपॉलच्या सहीने बाईंनी ती तासाभरात तयार केली. पण दुसरी मार्कशीट बोर्डाकडून यायला पंधरा दिवस लागले असते. तोवर मनीषाची जागा दुसऱ्या कुणाला गेली असती.

दुपारी बाई घरून इस्त्री घेऊन माझ्या लॅबमध्ये आल्या, मागे मनीषा. “सर, तुमी फिजिक्सवाले. प्लास्टिक सुटन पन शाई नाई सुटन, असी गरमी सांगा.”

मला फार बरं वाटलं. मी जाणत्यासारखं सांगितलं, इस्त्रीचं बटण मधोमध ठेवा. बाईंनी पिशवीतून एक जुना लॅमिनेट केलेला कागद काढला. त्यांची स्वतःची बारावीची मार्कशीट. “पहिले याच्यावर पाहू.”

“बाई, ओरिजनल आहे ते!”

“मले आता कोन मागते?”

वर कापड ठेवून इस्त्री फिरवली. प्लास्टिक सुटलं ते अक्षरं घेऊनच. कागद पांढरा पडला. बाईंनी तो बाजूला सारून बटण मागे फिरवलं. “याच्या अर्ध्यावर पाहू.” कडेपासून, केसाएवढं केसाएवढं, दीड तास. मी एक बाजू धरून होतो, मनीषा श्वास धरून. एक कोपरा गेला, पण शिक्का, नंबर, गुण सगळं राहिलं. कोपऱ्यासाठी बाईंनी प्रिन्सिपॉलचं पत्र जोडलं. गुरुवारी तिची ॲडमिशन झाली.

शनिवारी मनीषा पेढे घेऊन सरळ माझ्याकडे आली. डबा न फोडलेला. “बाईनं सांगतलं, पहिले सरले दे. तुयी मार्कशीट सरनंच सोडवली म्हने.” सगळं माहीत असून ती हे सरळ चेहऱ्याने म्हणाली.

मी तो पेढा खाल्ला. आणि त्यानंतर तर मी बाईंचा जास्तच हेवा केला, कारण असं वागणं मला कधी जमलं नसतं. लॅमिनेशन मी केलं होतं हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, हे आणखी वाईट.

मागच्या वर्षी बाई रिटायर झाल्या, वरोऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या. आता पोरं कागद घेऊन माझ्या लॅबमध्ये येतात. मीही म्हणतो, “पेढा ठेव बाजूला, आधी कागद दाखव.” पोरांना वाटतं हे माझंच वाक्य आहे.

या जूनमध्ये चिकटपट्टी शोधताना लॅबच्या टेबलाच्या खालच्या खणात बाईंची ती बिघडलेली मार्कशीट सापडली, सुटलेल्या प्लास्टिकसकट. त्या दिवशी ती तिथेच राहून गेली होती आणि मी कधी वाचली नव्हती. मी ते प्लास्टिक खिडकीच्या उजेडात धरलं. अक्षरं त्यावर जशीच्या तशी होती. बाईंचं माहेरचं नाव. मग विषय. मराठी, इंग्रजी, फिजिक्स.

घरी जाऊन मी माझी बारावीची मार्कशीट काढली. फिजिक्समध्ये बाईंना माझ्यापेक्षा सात गुण जास्त होते.