वापरून पाहिल्याचा शिक्का

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे नवलभाऊ म्हणत. घरात तो धाकटा. गेली अकरा वर्षं शनिवारच्या अंकातलं अर्धं पान तो एकटा भरत होता. तीन नवी उपकरणं, तीन उपयोगी संकेतस्थळं आणि सुट्टीत बघायला तीन सिनेमे किंवा मालिका. प्रत्येक उपकरणाशेजारी एक गोल शिक्का छापलेला असे : ‘वापरून पाहिलं’. लोकांचा त्या शिक्क्यावर भारी विश्वास.

आता खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं त्याने खरंच वापरून पाहिलं होतं. भाजी चिरायच्या यंत्रात बोट कापून घेतलं, पाठ चोळणाऱ्या पट्ट्याने पाठ धरली, तरी इमानाने लिहिलं. मग खोकी वाढली. ती कंपनीला परत पाठवायची असत. खोकं एकदा फोडलं की मेली कटकट! वायरी पुन्हा त्या पांढऱ्या खाचांत बसेनात, झाकण लागेना. मग याने फोडणंच सोडलं. आतला माहितीचा कागद कंपनीकडून वेगळा मागवायचा, त्यातली विशेषणं बदलायची, खोक्यावरचं चित्र छापायचं आणि खोकं आलं तसं रवाना करायचं. संकेतस्थळाचं पहिलं पान आणि सिनेमाची पहिली दहा मिनिटं बघितली की त्याचं काम झालं. कुणाची तक्रार आली नाही. शिक्का मात्र दर शनिवारी न चुकता उमटत राहिला.

त्या गुरुवारी तो असाच पुढच्या पानाची जुळवाजुळव करत बसला होता, तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. भाऊजी सहसा फोन करत नाहीत.

“तुझी ताई उद्या राजीनामा देतेय,” ते म्हणाले. “तू तरी समजाव.”

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय. वर्षभरापासून तिला कमी ऐकू येत होतं, हे त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते भाऊजींनी आता सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी त्याने कानात घालायच्या एका इवल्याशा यंत्राची तारीफ केली होती, ‘भर गर्दीतही शेजारची कुजबुज स्पष्ट ऐकू येते’. ताईने पान वाचलं, कुणाला न सांगता ते यंत्र मागवलं आणि कानात घालून वर्गात उभी राहिली. पंख्याची घरघर ऐकू यायची, बाकं सरकल्याचं ऐकू यायचं, पोरांचं बोलणं तेवढं येत नव्हतं. गेल्या सोमवारी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, माझ्या पोटात फार दुखतंय.” ताईला वाटलं, पोरीने उत्तर दिलं. ती म्हणाली, “शाब्बास, बस खाली.” पोरगी बिचारी तास संपेपर्यंत पोट धरून बसली आणि मग तिथेच ओकली.

“अहो, मग ते यंत्र बदलून घ्या ना,” नवलभाऊ म्हणाला.

“तेच तर मी म्हणतोय! डॉक्टरकडे चल म्हटलं, तर तेही नाही. म्हणते, धाकट्याने स्वतः वापरून पाहिलंय, यंत्रात खोट नाही. एवढ्या चांगल्या यंत्रानेही मला ऐकू येत नाही, म्हणजे माझे कानच संपले.”

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं काय, तर “हो का? बघतो.” फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो उठून तोंड धुऊन आला. ताईला निरोप लिहावा म्हणून त्याने तीनदा फोन हातात घेतला. तिन्ही वेळा लिहिलेलं पुसलं. ज्या बहिणीने हात धरून पाटीवर आकडे गिरवून घेतले, तिला काय लिहिणार? मी खोकं फोडायचा कंटाळा केला म्हणून?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेत जाऊन धडकला. शिक्षकांच्या खोलीत लांबच लांब टेबलाभोवती आठदहाजण चहा पीत होते, वह्या तपासत होते. ताई कोपऱ्यात बसली होती. पुढ्यात घडी घातलेला कागद, कानात ते यंत्र.

“अगं बाई, तू इथे कसा?” तिचा चेहरा खुलला. मग शेजारणींना म्हणाली, “हा माझा भाऊ. पेपरात लिहितो तो.” दोघीतिघी कौतुकाने हसल्या. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी.

“ताई, जरा बाहेर येतेस?”

“काय?”

“बाहेर, बाहेर!” त्याने दाराकडे हात केला.

“छे रे, पाच मिनिटांत तास आहे. इथेच बोल.”

तो खाली वाकला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, “ते यंत्र मी वापरलं नव्हतं.”

“मोठ्याने बोल.”

त्याने वहीचं पान ओढून त्यावर लिहायला घेतलं. ताईने पान बाजूला सारलं. डोळ्यांत एकदम पाणी. “तोंडाने बोल. अजून एवढी बहिरी झाले नाहीये मी.”

“मी ते यंत्र वापरलं नव्हतं.”

“मोठ्याने रे!”

मग तो ओरडला. भर खोलीत, सगळ्यांसमोर. “ताई, ते यंत्र मी कधी कानात घातलंच नाही! खोकंसुद्धा फोडलं नाही! मी खोटं लिहिलं!”

ताईने कानातलं यंत्र काढलं आणि हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

“आणि ती पुस्तकं वाचून दाखवणारी साइट?”

त्याने नाही म्हणून मान हलवली.

“तो सिनेमा? शेवट चुकवू नका म्हणून लिहिलं होतंस तो?”

“दहा मिनिटं बघितला होता,” तो ओरडला. एवढं छोटं वाक्य, पण तेही ओरडूनच सांगावं लागलं.

“मी तुझ्या शब्दावर माझे कान मोडीत काढले की रे.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकल्यासारखी बोलली. तिने समोरचा कागद पर्समध्ये टाकला. “आधी डॉक्टरला दाखवते. तू जा आता.”

कुणाच्या नजरेला नजर न देता तो दाराकडे वळला. दाराशी चित्रकलेच्या बाई उभ्या होत्या, वयाने जेमतेम तिशीच्या. त्यांनी त्याला वाट दिली नाही.

“माझ्या बाबांनीही तेच घेतलंय,” त्या म्हणाल्या. “तुमचं वाचूनच. काही ऐकू आलं नाही, तेव्हा म्हणाले, आता आपलं संपलं. तेव्हापासून कुणाशी बोलत नाहीत, नुसते खिडकीशी बसून असतात.”

त्याने खिशातून फोन काढला. “त्यांचा नंबर द्या. मी आत्ता फोन करून सांगतो.”

“फोनवर त्यांना ऐकू येत नाही,” बाई म्हणाल्या. “घरी यावं लागेल तुम्हाला. आणि असंच ओरडून सांगावं लागेल.”