शब्बाथच्या सकाळचा शेक

आमचा भाऊ एलायजा माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, पण हट्टीपणात माझा बाप. मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात टर्नर होता, इथे इस्रायलात, डिमोनात रस्त्यावर खडीच्या गोण्या उचलतो. मी विधवा, त्याचं लग्न राहिलं ते राहिलंच, म्हणून दोघं एका झोपडीत. सत्तावन्न सालचं सांगते.

त्या गुरुवारी गोणी उचलताना त्याचा उजवा खांदा लचकला. शर्ट मी काढला, लहान पोराचा काढतात तसा. दवाखान्यात जा म्हटलं तर डोळे वटारले. "गप गं बाय! ते हात झोळीत अडकवतील. मग शनिवारी काय करू?"

शनिवारी त्याला सेफेर तोरा, म्हणजे दोन दांड्यांवर गुंडाळलेला आमचा धर्मग्रंथ, उचलायचा होता. आमची इथली मशीद, आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो, म्हणजे एक लाकडी बराक, मोरोक्कोवाल्या यहुद्यांची आणि आमची मिळून. वर्षभर आमची बारा घरं मागच्या बाकांवर. हे हिंदी लोक खरे यहुदी तरी आहेत का, असं कुजबुजायचे मेले! आमच्या वाडवडिलांनी शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे, आणि हे आम्हाला विचारणार! शेवटी एलायजाने गब्बाईच्या, म्हणजे मशिदीच्या मुकादमाच्या मागे लागून मान मिळवला. वाचण्याआधी सेफेर उघडून, दोन्ही दांडे धरून, सगळ्यांना दिसेल असा उंच धरायचा. चांगला जड असतो. हातून निसटला तर अख्ख्या जमातीला उपास, आणि आमचं तोंड काळं.

मग काय, मीच वैदू झाले. ट्रंकेतली आंबेहळद सहाणेवर उगाळली, मीठ घालून कोमट केली, लेप दिला. वर तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेक. शुक्रवारी कामाला दांडी मारली त्याने. दिवसभर शेकत होते. दुपारपर्यंत हात हनुवटीला पोचला.

पण संध्याकाळी शब्बाथ, आमचा शनिवारचा पवित्र दिवस, लागला की विस्तव पेटवायचा नाही. मी आधीच वातीचा स्टोव्ह बारीक करून ठेवला, वर तवा, तव्यावर पुरचुंडी. आधीपासून पेटलेला चालतो; शब्बाथला पेटवलेल्याचा शेकसुद्धा घ्यायचा नाही. पहाटे उठून बघते तर स्टोव्ह विझलेला, तेल संपलेलं. आणि इकडे एलायजाचा खांदा लाकडासारखा ताठ. झोपेत कण्हत होता बिचारा.

मी काडी ओढली. होय, मी ओढली! पन्नाशी उलटली माझी, जन्मात शब्बाथला काडी ओढली नव्हती. डब्यातलं तेल ओतलं, तवा तापवला आणि तासभर शेकलं. त्याचा चेहरा हळूहळू निवत गेला. "बाय, तुझ्या हाताला गुण आहे," अर्धवट झोपेत म्हणाला. शर्ट स्वतः घातला. मला कोण आनंद झाला!

निघताना त्याची नजर स्टोव्हकडे गेली. तेलाचा डबा तिथेच, उघडा.

"रात्रभर पेटलेला होता ना?"

मला खोटं बोलता येत नाही, हाच माझा दोष. "विझला होता," म्हटलं. "पेटवला."

त्याने टोपी घातली आणि गेला. मी मागोमाग गेले, बायकांच्या बाजूला बसले.

गब्बाईने त्याचं नाव पुकारलं. एलायजा उठला, सेफेरजवळ गेला, आणि खाली बघत म्हणाला, "खांदा दुखतोय. नाही जमणार." दुसऱ्या कुणी उचलला. पुढच्या बाकावरून कुणीतरी हिब्रूत म्हणालं, "या हिंदींना सेफेर धरायलासुद्धा येत नाही." दोघंतिघं हसले. आमची माणसं माना खाली घालून बसली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की चूक माझी आहे, त्याची नाही. पण शब्बाथला हिंदी बाईने विस्तव पेटवला हे कळलं असतं तर त्या बारा घरांची उरलीसुरली अब्रूही गेली असती. मी तोंडात पदर कोंबून बसले.

घरी आल्यावर माझा राग उसळला. माझ्या शेकाला नावं ठेवली असं वाटलं मला, आणि लाजही वाटत होती, दोन्ही. "चारचौघांत खोटं बोललास," म्हटलं. "खरंच दुखतोय का खांदा?"

त्याने उजवा हात सरळ वर नेला, पार डोक्याच्याही वर. तोंडावर कळ उमटली नाही.

"नाही गं बाय, जरासुद्धा नाही," म्हणाला, आणि हात तसाच वर धरून रडायला लागला.